रांजण घडवायला चाक लागत नाही

कुंभारकाम म्हटलं की फिरतं चाक डोळ्यांपुढे येतं. आणि चाकावर बाईनं बसायचं नाही, ही रीत बहुतेक कुंभारवाड्यांत पिढ्यानपिढ्या चालत आली. माती चाळणं, तुडवणं, मळणं, भांडी रंगवणं ही कामं मात्र बायकांकडेच! पण गंमत अशी, की घरातली सर्वांत मोठी मातीची वस्तू, म्हणजे धान्याची कोठी, चाकावर होतच नाही. ती थरावर थर चढवून हातानंच घालावी लागते, आणि खेडोपाडी ती घालत आल्या त्या बायकाच.

हे कसब फार जुनं आहे. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८२ या काळात उत्खनन केलं. तिथं सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे, हातानं घडवलेले जाडेभरडे रांजण निघाले. दगावलेल्या तान्ह्या बाळाला अशा दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखाली पुरत. आज पॉटरीच्या वर्गात शिकवतात ती वळ्यांची पद्धतही याच घराण्यातली. पुदुच्चेरीला रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. मीकर यांनी तर पुढे मातीची अख्खी घरंच आतून जाळ करून भाजली!

माती कशी हवी?

भंडारा जिल्ह्यात दिघोरीसारख्या धानपट्ट्यातल्या गावी सामान शोधत लांब जायला नको. तलावाचा गाळ (ग्रामपंचायतीला विचारून घ्यावा), धानाचा कोंडा, तणस, सगळं हाताशी. मातीची करंगळीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळा. तडकली नाही तर माती चिकण आहे. मोठ्या कामासाठी तीत फुटक्या मडक्यांचा चाळलेला चुरा, चार भागांना एक भाग, मिसळा. त्यानं माती कमी आटते, तडे कमी जातात.

घाई करू नका

बूड अर्धा-पाऊण इंच जाड थापा. त्यावर अंगठ्याएवढ्या वळ्या चढवा. प्रत्येक थराला ओरखडे काढून चिखलाचं पाणी लावा आणि सांधा आतून-बाहेरून बोटानं पुसून एकजीव करा. दिवसाला वीतभरच उंची वाढवा, नाहीतर खालची ओली भिंत वरच्या भारानं बसते. थांबताना काठावर ओलं फडकं ठेवा. कोरड्या काठाला ओली वळी धरत नाही. दुसऱ्या दिवशी आतून गोल दगड धरून बाहेरून फळीनं हलकेच थोपटा.

वाळवण सावलीत, वारा न लागता, दोन-तीन आठवडे. माती वाळताना आणि भाजताना साधारण दहावा हिस्सा आटते, म्हणून घडवतानाच थोडं मोठं घडवा. भाजण्यापूर्वी रांजणाला गाल लावून पाहा. गार लागला तर आत ओल आहे. ती राहिली तर भट्टीत वाफ होऊन महिन्याभराची मेहनत क्षणात फुटते! पहिले काही तास जाळ मंदच ठेवावा.

कोठी मात्र भाजत नाहीत. तिच्या मातीत तणसाचे तुकडे आणि शेण मळतात. ती कोरड्या धान्यासाठीच. पाणी भरलंत तर विरघळेल.

एवढं सांभाळा

वाळलेल्या मातीची धूळ छातीला वाईट. जागा झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. खाण्याच्या वस्तू ठेवायच्या असतील तर शिशाचं रोगण वापरू नका.

पत्र्याच्या कोठ्या आल्या, उंदीर-घुशींचा त्रास कमी झाला, हे चांगलंच झालं. पण मातीची कोठी घालणाऱ्या आज्या आता थकल्या आहेत, आणि त्यांच्या हातातलं माप कुठल्या वहीत लिहिलेलं नाही. वर्गाचं नाव घालाल तेव्हा घाला. घरात अशी आजी असेल तर आधी तिच्याजवळ बसा. तिला म्हणावं, "एक लहानशी कोठी घालून दाखव ना गं!"