व्यक्तीच्या जडणघडणीत इच्छाशक्ती व श्रद्धा यांचे स्थान : मुरलीकांत पेटकर यांच्या जीवनाच्या संदर्भात

प्रस्तावना

पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यातील महाविद्यालयांत कामगार कुटुंबांतून आलेले विद्यार्थी मोठ्या संख्येने शिकतात. त्यांपैकी काही जण सकाळी वर्गात आणि दुपारच्या पाळीला कारखान्यात असतात. ‘मनात आणले तर काहीही अशक्य नाही’, असे आपण अध्यापक त्यांना वारंवार सांगतो. हे विधान उत्साहवर्धक आहे. परंतु त्यातून एक अन्याय्य निष्कर्षही निघतो, तो म्हणजे जो मागे पडला त्याची इच्छाच दुर्बल होती. म्हणूनच इच्छाशक्ती व श्रद्धा यांचे नेमके कार्य कोणते, हे प्रस्तुत लेखात याच परिसरातील एका उदाहरणाच्या आधारे पाहावयाचे आहे.

संकल्पना

इच्छा सर्वांनाच असते. ती कृतीत उतरवून, अडथळा आला तरी त्या कृतीत टिकून राहण्याची क्षमता म्हणजे इच्छाशक्ती होय. श्रद्धा म्हणजे फळ दृष्टीस पडण्यापूर्वी प्रयत्नावर ठेवलेला विश्वास. ती ईश्वरावर असेल, कार्यावर असेल किंवा स्वतःवर असेल. या पट्ट्यालगतच देहू व आळंदी ही क्षेत्रे आहेत. तेथून दरवर्षी निघणाऱ्या वारीत श्रद्धा केवळ मनात राहत नाही. ठरल्या तिथीला निघून ठरल्या मुक्कामी पोहोचणाऱ्या पावलांत ती उतरते. श्रद्धेचे हे आचरणरूप येथे महत्त्वाचे आहे.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्वक्षमतेवरील विश्वासाची संकल्पना मांडली. त्यांच्या मते हा विश्वास चार स्रोतांतून निर्माण होतो : स्वतःला आलेले यशाचे अनुभव, इतरांचे यश पाहणे, विश्वासू व्यक्तीचे प्रोत्साहन आणि स्वतःच्या शारीरिक-भावनिक अवस्थेचा लावलेला अर्थ. यांपैकी पहिला स्रोत सर्वाधिक प्रभावी मानला जातो. म्हणजेच आत्मविश्वास उपदेशापेक्षा अनुभवातून अधिक घडतो.

पेटकर यांचे उदाहरण

मुरलीकांत पेटकर यांचा जन्म १९४४ साली सांगली जिल्ह्यात झाला. भारतीय सैन्यात असताना ते मुष्टियोद्धा म्हणून पुढे आले. १९६५ च्या भारत-पाक युद्धात गोळ्या लागून त्यांच्या कमरेखालील शरीर निकामी झाले आणि मुष्टियुद्ध कायमचे संपले. पुनर्वसनाच्या काळात त्यांनी पोहण्याचा मार्ग धरला. १९६८ च्या तेल अवीव येथील पॅरालिम्पिक स्पर्धेत ते टेबल टेनिस खेळले. १९७२ साली पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे त्यांनी ५० मीटर मुक्तशैली जलतरण ३७.३३ सेकंदांत पूर्ण करून सुवर्णपदक व विश्वविक्रम मिळवला. पॅरालिम्पिकमधील भारताचे हे पहिले सुवर्णपदक होय. सैन्यसेवेनंतर ते पुण्याच्या टेल्को कंपनीत नोकरीस होते व पिंपरी-चिंचवडमध्ये स्थायिक झाले.

विवेचन

या जीवनक्रमातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, इच्छाशक्ती म्हणजे हट्ट नव्हे. पेटकरांनी मुष्टियुद्धाचा आग्रह सोडला, परंतु खेळाडू म्हणून जगण्याचा निश्चय सोडला नाही. साधन बदलले, ध्येय टिकले. दुसरी, जखमी झाल्यापासून सुवर्णपदकापर्यंत सात वर्षे गेली. पदकाची कोणतीही हमी नसताना रोजचा सराव चालू ठेवणे हे श्रद्धेचे कार्य होते. तिसरी, ही वाटचाल एकट्याची नव्हती. वैद्यकीय उपचार मिळाले. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या पाठबळाने चालणाऱ्या संस्थेचे साहाय्य लाभले. उपजीविकेसाठी नोकरी मिळाली. इच्छाशक्तीने या संधींचे सोने केले, पण त्या संधी तिने निर्माण केल्या नव्हत्या.

शिवाय, इच्छाशक्तीच्या कक्षेबाहेरही बरेच काही उरते. पेटकरांना पद्मश्री २०१८ मध्ये मिळाली आणि जीवनगौरव स्वरूपाचा अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५ मध्ये प्रदान झाला. सराव त्यांच्या हाती होता, मान्यता नव्हती.

संशोधनही याच दिशेने संकेत देते. समोरचा खाऊ लगेच न खाता थांबू शकणारी मुले पुढे अधिक यशस्वी होतात, हा वॉल्टर मिशेल यांच्या प्रयोगांतून प्रसिद्ध झालेला निष्कर्ष २०१८ मध्ये अधिक मोठ्या नमुन्यावर पुन्हा तपासण्यात आला. तेव्हा हा संबंध पूर्वीपेक्षा क्षीण आढळला. कौटुंबिक पार्श्वभूमी व बालपणीची बौद्धिक क्षमता विचारात घेतल्यावर तो आणखी कमी झाला. संयमाला परिस्थितीचाही आधार लागतो, हे यावरून दिसते.

समारोप

सारांश, इच्छाशक्ती प्रयत्नाला दिशा देते, श्रद्धा त्याला टिकवून धरते आणि समाज त्याला संधी पुरवतो. यांपैकी एकाच घटकावर सारा भार टाकणे योग्य नव्हे. पाळी करून वर्गात येणारा विद्यार्थी डुलकी घेत असेल, तर त्याच्या निश्चयाविषयी शंका घेण्यापूर्वी वेळापत्रक, ग्रंथालयाची वेळ व परीक्षेची तयारी यांत त्याला काय साहाय्य देता येईल, याचा विचार अध्यापकांनी करावयास हवा. त्याला पेटकरांची कथा अवश्य सांगावी. मात्र ती त्यांना मिळालेल्या आधारासह, संपूर्ण सांगावी. छोट्याशा यशाचा प्रत्यक्ष अनुभव त्याच्या पदरी पडेल अशी व्यवस्था करणे, हीच त्याच्या श्रद्धेची खरी जोपासना ठरेल.