पाठ ताठ ठेवणारे घास

गेल्या वर्षी आमच्या अम्मींनी रात्रीचे जेवण सोडले. वय सत्तर. "कमी खाणारा जास्त जगतो," असे कुणीतरी त्यांना सांगितले होते. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी थोडा भात आणि सालन, रात्री पुन्हा चहा. सहा महिन्यांत वजन सहा किलोंनी उतरले. घरी येणारे म्हणत, "माशाअल्लाह, किती हलक्या झालात!" आम्हीही खूश होतो. मग एके दिवशी सजद्यातून उठताना त्यांना भिंत धरावी लागली. पुढे त्या खुर्चीवर बसून नमाज पढू लागल्या. आम्हाला वाटले, गुडघे गेले. डॉक्टरांनी तपासून सांगितले, "गुडघे वयाच्या मानाने ठीक आहेत, मांड्यांचे स्नायू झिजलेत."

अम्मींनी ऐकलेली गोष्ट अगदीच निराधार नव्हती. 1935 साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी उंदरांना कमी, पण पोषक आहार दिला, तेव्हा ते अधिक जगले. माणसांवर अमेरिकेतच 'कॅलेरी' नावाचा प्रयोग झाला. त्यात 21 ते 50 वयाची, लठ्ठ नसलेली 218 माणसे होती. त्यांपैकी 143 जणांना दोन वर्षे पाव हिस्सा कमी खायला सांगितले. प्रत्यक्षात त्यांना सरासरी 12 टक्केच जमले. तरीही रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल सुधारले. आयुष्य किती वाढते, हे मात्र दोन वर्षांत कळण्यासारखे नव्हते.

आता वजनाचा हिशोब पाहू. या लोकांचे सरासरी साडेसात किलो वजन घटले. त्यातले सुमारे साडेपाच किलो चरबीचे होते; उरलेले दोन किलो स्नायू आणि शरीराच्या इतर भागांचे. हाडांची घनताही थोडी कमी झाली. ही माणसे पन्नाशीच्या आतली, निरोगी आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली होती. सत्तरीत स्नायू आधीच घटत असतात. तिथे चहा-बिस्किटावर राहणे म्हणजे गाठीची पुंजी मोडून खाणे.

दुसरी गोष्ट चयापचयाची. पगार कमी झाला की आपण घरखर्च आवरतो, तसेच शरीरही करते. अन्न घटले की ते बसल्या जागी कमी ऊर्जा जाळू लागते. स्नायू कमी झाले की हा खर्च आणखी घटतो. म्हणून सुरुवातीला झपाट्याने उतरणारे वजन पुढे अडते आणि जुने खाणे सुरू होताच परत चढते. परत येताना चरबी लवकर येते, स्नायू मेहनतीशिवाय येत नाहीत.

यावर उपाय आहे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात 65 वर्षांवरील लठ्ठ व्यक्तींचे वजन आहार कमी करून उतरवले. सोबत फक्त चालण्यासारखा व्यायाम करणाऱ्यांचे चरबीविरहित वजन 5 टक्के घटले. वजने उचलणाऱ्यांचे केवळ 2 टक्के. म्हणजे घास कमी करताना स्नायूंना काम द्यायला हवे.

आणि प्रथिने हवीत. आपल्याकडे प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोला रोज 0.83 ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत. साठ किलोच्या व्यक्तीला सुमारे 50 ग्रॅम. एका अंड्यात 6 ग्रॅम, मूठभर कोरड्या डाळीत 6-7 ग्रॅम, शंभर ग्रॅम मासळी किंवा कोंबडीत 20 ग्रॅमच्या आसपास. कमी करायचे ते बिस्किट, साखर, तळण आणि भाताचा दुसरा वाढप, डाळ-अंडे नव्हे. रमजानच्या सहरीतही हेच लक्षात ठेवावे. मधुमेहाची औषधे चालू असतील किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर आहार बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

पोटाचे तीन हिस्से करण्याची हदीस आपल्या घराघरात माहीत आहे: एक अन्नाचा, एक पाण्याचा, एक श्वासाचा. तिर्मिजीतील त्याच हदीसमध्ये त्याआधी आदमच्या लेकराला पाठ ताठ ठेवण्यापुरते घास पुरेत, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. आपण "थोडे खा" एवढेच लक्षात ठेवतो आणि पाठ ताठ ठेवण्याची अट विसरतो.

अम्मी आता रात्री डाळ आणि एक अंडे घेतात. असरनंतर खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठतात-बसतात, नातवंडे मोजतात. खुर्ची अजून सुटलेली नाही. पण परवा फजरला त्यांनी ती बाजूला सारून दोन रकात जमिनीवर अदा केल्या. भिंतीला फक्त एकदा हात लावला.