वृद्ध व स्थूल श्वानाचे सुरक्षित वजन-नियंत्रण : शिरूर-दौंड परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील कमी पावसाचे तालुके. चासकमान व खडकवासल्याच्या कालव्यांनी येथे ऊस वाढला आणि त्याबरोबर वाडी-वस्तीवरील दिनक्रमही बदलला. राखणीचा कुत्रा पूर्वी शेळ्या-मेंढ्यांमागे दिवसभर बांधावरून फिरत असे. आज शिरूरच्या ऊसपट्ट्यात बिबट्याच्या भीतीने त्याला दिवस मावळण्यापूर्वीच पडवीत बांधले जाते. शहरी भागातील आणि रांजणगाव औद्योगिक वसाहतीच्या आसपासच्या सदनिकांमध्ये लॅब्रॅडॉरसारखा मूळचा कष्टाळू श्वान दिवसभर फरशीवर पडून असतो. हालचाल घटली, अन्न मात्र तेवढेच राहिले. सात-आठ वर्षांचा श्वान जड होऊन जिना चढेनासा झाला की ‘आता वय झाले’ असे म्हणून तो विषय संपविला जातो, किंवा एके दिवशी त्याचे जेवण एकदम निम्म्यावर आणले जाते. या दोन्ही प्रतिक्रिया श्वानाच्या हिताच्या नाहीत. त्यांतही दुसरी अधिक धोक्याची का, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

स्थूलता आणि वार्धक्य :
स्थूलता हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर श्वानांवर आयुष्यभर चाललेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी अन्न मिळालेल्या श्वानांचे मध्यक आयुर्मान १३ वर्षे, तर इतरांचे ११.२ वर्षे भरले. सांध्यांच्या झिजेवर उपचारांची गरजही सडपातळ श्वानांना उशिरा भासली. पुढे २०१० मधील एका अभ्यासात, आधीच लंगडणाऱ्या स्थूल श्वानांचे वजन सुमारे ६ टक्के उतरताच त्यांच्या चालीत सुधारणा दिसली. म्हणजे ३६ किलोच्या श्वानाचे जेमतेम सव्वादोन किलो. ‘वय झाले’ म्हणून सोडून दिलेला श्वान पुन्हा जिना चढू शकतो, तो या फरकामुळे.

लॅब्रॅडॉरच्या बाबतीत मालकाचा दोष थोडा हलका करणारीही एक बाब आहे. २०१६ मध्ये केंब्रिज येथील संशोधकांनी या जातीतील साधारण चौथ्या हिश्श्यात असा जनुकीय बदल दाखवून दिला, की ज्यामुळे भूक शमल्याचा संकेत मेंदूला नीट पोहोचत नाही. असा श्वान खरोखरच भुकेला असतो. त्याच्या नजरेवरून वाढण्याचे प्रमाण ठरवू नये, इतकेच.

स्थूलता ओळखण्यासाठी काट्याआधी हात वापरावा. बरगड्या तळहाताला सहज लागल्या पाहिजेत, वरून पाहता कंबर दिसली पाहिजे. कारवान जातीच्या श्वानाच्या बरगड्या डोळ्यांना दिसणे मात्र स्वाभाविक आहे. त्याला ‘वाळला’ म्हणून अधिक खाऊ घालण्याची गरज नसते.

आहार कमी करण्यापूर्वी :
प्रत्येक फुगलेले पोट चरबीचे नसते. पाठीचा कणा व बरगड्या हाताला टोचत असून पोट तेवढे मोठे असेल, तर हृदय किंवा यकृताच्या विकाराने पाणी साठल्याची शक्यता असते. थायरॉइडची कमतरता वजन वाढविते. अतिरिक्त कॉर्टिसॉलच्या विकारात पोट सुटते, तहान व लघवी वाढते, केस विरळ होतात. म्हणून प्रथम पशुवैद्यकाकडून तपासणी व रक्तचाचणी करून घ्यावी. नमुना माणसांच्या प्रयोगशाळेत दिल्यास अहवाल पशुवैद्यकालाच दाखवावा, कारण श्वानाच्या थायरॉइडची संदर्भमूल्ये माणसापेक्षा वेगळी असतात. मधुमेही श्वान इन्सुलिनवर असेल तर आहार व मात्रा दोन्ही एकत्रच बदलावी लागतात. सांधेदुखीसाठी घरातील आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या कदापि देऊ नयेत; त्यांनी जठरात व्रण होतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकते.

आहाराचे गणित :
या परिसरात श्वानाचे नेहमीचे अन्न म्हणजे भाकरी किंवा चपाती, दूध, भात आणि उरलेसुरले कालवण. त्यात पिष्टमय पदार्थ विपुल, प्रथिने मात्र बेताची असतात. हे अन्न निम्मे केले की आधीच अपुरी असलेली प्रथिने निम्मी होतात. वृद्ध श्वानाचे स्नायू वयामुळे झिजतच असतात. त्यात उपासमार झाली तर काट्यावर वजन उतरलेले दिसते, पण गेलेला असतो स्नायू आणि राहिलेली असते चरबी. मागचे पाय अधिकच दुबळे होतात. म्हणून घटवायचे ते उष्मांक, प्रथिने नव्हेत.

किती द्यावे, हे साध्या गणकयंत्रावर काढता येते. श्वानाच्या आदर्श वजनाचा घन करावा, त्याचे वर्गमूळ दोनदा काढावे आणि ७० ने गुणावे. सध्याचे वजन ३६ व आदर्श वजन २८ किलो असेल, तर उत्तर येते सुमारे ८५० किलोकॅलरी. पशुवैद्यकाच्या संमतीने रोजच्या आहाराची सुरुवात साधारण येथून करतात. आता घरातील ‘वरकड’ पाहावे. सहा ग्लुकोज बिस्किटे सुमारे १३०, पेलाभर म्हशीचे दूध २०० हून अधिक, दोन चपात्या पुन्हा २००. मुख्य जेवणाआधीच साडेपाचशेच्या आसपास मजल जाते! दौंड भागातील गुऱ्हाळांच्या शेजारी गूळ-काकवीचा हिशेब आणखी वेगळा. वरखाऊ एकूण उष्मांकांच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा अधिक नसावा.

भाकरीचा काही भाग काढून त्याजागी कातडीविना उकडलेली कोंबडी किंवा अंडे, आणि पोट भरण्यासाठी उकडलेला दुधी, लाल भोपळा, फरसबी, गाजर द्यावे. कांदा-लसणाचे वाटण, द्राक्षे व मनुका श्वानाला विषारी आहेत. शिजलेली हाडे टाळावीत. घरगुती आहारात कॅल्शियम व इतर क्षार कमी पडतात, त्यांची भर पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावी. बदल आठवडाभरात हळूहळू करावा. घरात वाढणारे हात अनेक असतात; आजी सकाळी, मुले दुपारी आणि शेजारीही अधूनमधून. यासाठी दिवसाचे सगळे अन्न सकाळीच एका डब्यात मोजून ठेवावे आणि ज्याला द्यायचे त्याने त्यातूनच द्यावे.

व्यायाम व नोंद :
एप्रिल-मे मध्ये येथील उन्हात स्थूल श्वानाला उष्माघात लवकर होतो. पहाटेचा गारवा सोयीचा खरा, पण उसालगतच्या वस्तीवर ती बिबट्याची वेळ असते. तेव्हा उजाडल्यानंतर, ऊन चढण्यापूर्वी, मोकळ्या रस्त्यावर दहा-दहा मिनिटांच्या दोन फेऱ्यांनी सुरुवात करावी. पोहणे सांध्यांना हितकारक असले तरी कालव्यात श्वानाला सोडू नये. प्रवाह आणि अस्तरीकरण केलेले निसरडे काठ यांमुळे त्याला वर चढता येत नाही.

वजन दर पंधरवड्याला एकाच काट्यावर घ्यावे. आडत दुकानातील धान्याचा काटा चालतो. किंवा श्वानाला उचलून घरच्या काट्यावर उभे राहावे आणि स्वतःचे वजन वजा करावे. आठवड्याला १ टक्का घट पुरेशी, २ टक्क्यांहून अधिक झाल्यास आहार वाढवावा. या गतीने ३६ वरून २८ किलोवर येण्यास साधारण सहा महिने लागतात. मध्येच श्वानाने अन्न सोडले, उलट्या झाल्या वा तो मलूल दिसला तर आहारनियंत्रण थांबवून दवाखाना गाठावा. आदर्श वजन गाठल्यावर जुन्या प्रमाणावर परत जाता येत नाही. वजन उतरलेल्या श्वानाला ते टिकविण्यासाठी उतरवतानाच्या आहारापेक्षा थोडेसेच अधिक लागते. त्यामुळे मोजलेला डबा आणि महिन्यातून एकदा काटा, हे पुढेही चालू ठेवावे लागते.