छोट्या संगणकाची स्मृती का दगा देते?

२०१२ च्या फेब्रुवारी महिन्यात इंग्लंडमधील केंब्रिज येथून ‘रास्पबेरी पाय’ नावाचा एक लहानसा संगणक विक्रीस आला. त्याचे सारे भाग एकाच पाटीवर बसविलेले असून ती पाटी जवळजवळ बँकेच्या कार्डाएवढी आहे. विद्यार्थ्यांना अल्प खर्चात संगणकाचे शिक्षण मिळावे, हा त्यामागील हेतू होता. आज असे संगणक शाळांच्या प्रयोगशाळांत तापमान व पर्जन्यमान यांची नोंद घेण्याच्या कामीही योजिले जातात. मोठ्या संगणकातील चकतीचे काम येथे नखाएवढे एक मेमरी कार्ड करते. संगणक चालविणारी मूळ प्रणाली आणि जमविलेल्या नोंदी ही दोन्ही त्यावरच असतात. साहजिकच कार्ड बिघडले की यंत्र तर अडतेच. पण अनेक महिन्यांची निरीक्षणेही नाहीशी होऊ शकतात.

हे कार्ड ‘फ्लॅश’ प्रकारच्या स्मृतीचे बनलेले असते. १९८० नंतरच्या दशकात जपानमधील तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी ही स्मृती विकसित केली. तीत असंख्य सूक्ष्म कप्पे असून प्रत्येक कप्प्याभोवती विद्युत्‌रोधक थर असतो. कप्प्यात किती इलेक्ट्रॉन कोंडले आहेत, यावरून माहिती ओळखली जाते. लिहिताना व पुसताना इलेक्ट्रॉन या थरातून पार न्यावे लागतात आणि प्रत्येक खेपेस थर किंचित झिजतो. ज्या कार्डांत एकाच कप्प्यात तीन द्विमान अंक साठवितात, तेथे विद्युत्‌भाराच्या आठ पातळ्या अचूक ओळखाव्या लागतात. तेथे थोडी झीजही चुकीस पुरेशी होते.

दुसरी अडचण अशी की, या स्मृतीत लेखन लहान पानांनी होते, परंतु पुसणे मात्र पुष्कळ पानांच्या मोठ्या गठ्ठ्यानेच शक्य असते. म्हणून एक ओळ बदलावयाची झाली तरी कार्डातील नियंत्रकाला माहिती एका जागेहून दुसऱ्या जागी हलवावी लागते. नेमक्या त्याच क्षणी वीज गेली, तर लिहिली जाणारी नोंदच नव्हे, तर जुना मजकूरही बिघडू शकतो.

बिघाड शोधताना प्रथम कार्डावर आळ घेऊ नये. आधी वीजपुरवठा तपासावा. या पाटीला ५ व्होल्ट दाबाची वीज लागते. अनेक नमुन्यांत हा दाब सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली उतरला की पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे चिन्ह उमटते. दूरध्वनीचा जुना चार्जर किंवा लांब, बारीक तार हे त्याचे नेहमीचे कारण होय. असा पुरवठा असेल, तर नवे कार्डही टिकत नाही.

पुरवठा ठीक असल्यास एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. चांगले म्हणून माहीत असलेले कार्ड त्याच संगणकात घालावे. मग संशयित कार्ड दुसऱ्या संगणकात घालून पाहावे. दोष कार्डाबरोबर जातो की संगणकाबरोबर राहतो, हे यावरून कळते.

कार्ड नवे असूनही दोष त्याच्याबरोबर जात असेल, तर ते बनावट असण्याचा संभव असतो. अशा कार्डाचा नियंत्रक खऱ्याहून कितीतरी मोठी क्षमता सांगतो. आरंभी सर्व सुरळीत चालते. खरी क्षमता संपताच पुढचा मजकूर हरवू लागतो. कोरे कार्ड ज्ञात मजकुराने काठोकाठ भरून तो परत वाचून पाहणे, हीच याची खरी परीक्षा. ‘एफ ३’ हा विनामूल्य प्रोग्रॅम नेमके हेच काम करतो.

जुन्या कार्डाचे एक लक्षण मात्र फसवे असते. नोंद लिहिली गेलेली दिसते, चूक दाखविली जात नाही. परंतु यंत्र पुन्हा सुरू करताच जुनाच मजकूर समोर येतो. नियंत्रकाने नवे लेखन स्वीकारणे थांबविल्याची ही खूण असते. असे कार्ड दुरुस्त होत नाही. त्यावरील मजकूर तत्काळ उतरवून घ्यावा आणि ते बाद करावे.

बिघाड टाळण्याचे उपाय साधे आहेत. यंत्र रीतसर आज्ञा देऊन बंद करावे. वीज वारंवार जात असेल तेथे बॅटरीचा आधार द्यावा. प्रणालीच्या किरकोळ दैनंदिन नोंदी कार्डाऐवजी तात्पुरत्या स्मृतीत ठेवाव्यात, म्हणजे झीज कमी होते. मुख्य म्हणजे निरीक्षणांची प्रत नियमितपणे दुसऱ्या ठिकाणी ठेवावी आणि ती उघडते की नाही, हेही अधूनमधून पाहावे. कार्ड पुन्हा विकत घेता येते. गेल्या पावसाळ्यातील पाऊस मात्र पुन्हा मोजता येत नाही.