पालक आणि शाळा : सीमाभागातील सहकार्याची वाट

शाळेची इमारत शासन बांधू शकते, शिक्षक नेमू शकते, पाठ्यपुस्तके व माध्यान्ह आहार पुरवू शकते. परंतु मूल रोज सकाळी शाळेत पोहोचते की नाही, हे घराच्या उंबरठ्यावर ठरते. म्हणूनच प्राथमिक शिक्षणाच्या कार्यात पालकांचा सहभाग हा शोभेचा भाग न राहता व्यवस्थेचा आधार ठरला पाहिजे. बीदर जिल्ह्यातील औराद, कमलनगर, भालकी व बसवकल्याण आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या सीमावर्ती तालुक्यांच्या संदर्भात हा प्रश्न विशेष विचार करण्याजोगा आहे.

लोकाश्रयाची परंपरा

हा प्रदेश १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाचा व नंतर हैदराबाद राज्याचा भाग होता. निजामाच्या राजवटीत शिक्षणाचे राजमान्य माध्यम उर्दू होते. अशा काळात भालकी हिरेमठाचे डॉ. चन्नबसव पट्टद्देवरू यांनी दारावर उर्दू फलक लावून आत मुलांना कन्नड शिकविले, ही हकीकत या भागात सर्वश्रुत आहे. कलबुर्गी येथील नूतन विद्यालयाची स्थापना १९०७ साली झाली, तीही शिक्षणप्रेमी नागरिकांच्या पुढाकारानेच. सारांश, शाळा ही गावाने जपावयाची वस्तू आहे, हा विचार येथील मातीला नवा नाही.

समित्यांचे अधिकार

डॉ. राजा रामण्णा यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षणविषयक कृतिदलाच्या शिफारशींनंतर राज्य शासनाने २८ एप्रिल २००१ रोजी आदेश काढून प्रत्येक शासकीय शाळेसाठी शाळा विकास व देखरेख समितीची, म्हणजेच आपल्या परिचयाच्या एस. डी. एम. सी.ची तरतूद केली. २००६ मध्ये आदर्श उपविधींद्वारे या समित्यांना पंचायत राज कायद्याची चौकट लाभली. पुढे १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या कायद्याने अशा समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत व एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा दंडक घातला. दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांनाही प्रमाणशीर स्थान देण्यात आले आहे. अनुदानित खासगी शाळांत मात्र २०१२ च्या दुरुस्तीनुसार समितीचे कार्य सल्लागार स्वरूपाचे राहते.

समितीची कामे तीन. शाळेच्या कारभारावर देखरेख ठेवणे, अनुदानाच्या विनियोगाकडे लक्ष देणे आणि शाळा विकास आराखडा तयार करणे. यांपैकी तिसऱ्या कामाचे महत्त्व पालकांना सहसा सांगितले जात नाही. कायद्याच्या कलम २२ नुसार हा आराखडाच शासनाच्या नियोजनाचा व अनुदानाचा आधार मानला जातो. जे आराखड्यात नमूद नाही, त्याची मागणी झाली असे धरता येत नाही.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या गावच्या शाळेत मुलींचे स्वच्छतागृह निरुपयोगी झाले आहे. मुलगी मोठी होऊ लागते, तशी ती आठवड्यातून दोन दिवस घरी राहू लागते आणि सातवीनंतर तिचे शाळेत जाणे थांबते. याचे कारण तिच्या आईला ठाऊक असते. आई समितीची सभासदही असते. परंतु सभेत ती शेवटच्या रांगेत बसते, कागदावर अंगठा उठविते आणि घरी परतते. आराखड्यात स्वच्छतागृहाची नोंद होत नाही. मुलीची शाळा सुटते, ती अशी एका न उच्चारलेल्या वाक्यामुळे.

भाषेचा अडसर

आई बोलत नाही, याचे कारण पुष्कळदा संकोचापेक्षा भाषेत असते. सीमाभागातील एकाच गावात कन्नड, मराठी, उर्दू आणि तांड्यावर लमाणी बोली नांदते. राज्यकारभाराची भाषा कन्नड असल्याने सूचना, परिपत्रके व इतिवृत्ते स्वाभाविकपणे कन्नडमध्ये असतात. मराठी शाळांत शिकणारी आजची मुले कन्नड विषयही शिकतात. मात्र त्यांच्या आईवडिलांपैकी अनेकांना देवनागरीखेरीज अन्य लिपी वाचता येत नाही आणि काहींना कोणतीच लिपी येत नाही. न समजलेल्या कागदावरील सही हा सहभाग नव्हे.

यावरील उपाय खर्चाचा नाही. सभेची सूचना शाळेच्या फलकावर दोन्ही भाषांत लिहावी. सभेच्या अखेरीस प्रत्येक ठराव उपस्थितांना समजेल अशा भाषेत मोठ्याने वाचून दाखवावा व त्यानंतरच सह्या घ्याव्यात. तांड्यावरील पालकांसाठी त्यांच्यातीलच एखाद्या शिकलेल्या तरुणाचे साहाय्य घ्यावे. भाषिक अल्पसंख्य बालकांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी मिळाव्यात, असे संविधानाचे कलम ३५०-क सांगते. मुलांसाठी मान्य झालेले हे तत्त्व पालकांच्या सभेतही पाळणे उचित होय.

सभेची वेळ व स्थलांतर

दुसरी अडचण वेळेची. श्रावण-भाद्रपदात मूग-उडदाची आणि पौषात तुरीची रास चालू असताना दुपारी बोलाविलेल्या सभेस मजूर पालक रोजगार बुडवून कसा येणार? अशा दिवसांत सभा सायंकाळी, दिवेलागणीनंतर व शक्य तर वस्तीवरच घ्यावी.

या भागातील अनेक कुटुंबे कामाच्या शोधात हैदराबाद, पुणे, मुंबईकडे किंवा ऊसतोडीस जातात. त्यांच्याबरोबर मुलेही जातात आणि परतल्यावर मागे पडतात. बदलीचा दाखला मागितल्यास मुख्याध्यापकांनी तो तत्काळ दिला पाहिजे आणि दाखल्यास विलंब झाला म्हणून दुसऱ्या गावच्या सरकारी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, ही कलम ५ मधील तरतूद प्रत्येक स्थलांतरित पालकास ठाऊक असावयास हवी. समग्र शिक्षा योजनेत हंगामी वसतिगृहांचीही सोय आहे. कोणती कुटुंबे केव्हा जाणार, हे गावाला आधीच माहीत असते. समितीने दसऱ्यापूर्वी अशा मुलांची यादी केली, तर आजी-आजोबांपाशी, नातलगांकडे वा वसतिगृहात त्यांची व्यवस्था वेळीच लावता येईल.

परस्परविश्वासाची गरज

शिक्षकांनी पालकांना नियमितपणे भेटून मुलाची उपस्थिती, आकलनशक्ती व प्रगती यांविषयी माहिती द्यावी, हे कायद्याने त्यांचे कर्तव्य ठरविले आहे. शाळेतून बोलावणे आले की काहीतरी तक्रार असणार, अशी धास्ती आज अनेक घरांत आढळते. वर्षातून एकदा तरी मुलाच्या कौतुकासाठी पालकांना बोलावले, तर ही धास्ती ओसरेल. पालकांनीही वर्गखोली, पाणी, आहार व हजेरी यांची विचारपूस करताना शिक्षकाला आरोपी न मानता सहकारी मानावे.

बाराव्या शतकात बसवकल्याणच्या अनुभव मंटपात निरनिराळ्या व्यवसायांतील स्त्री-पुरुष एकत्र बसून विचारविनिमय करीत. त्याच भूमीत आज शाळेच्या पडवीत भरणाऱ्या सभेत शेवटच्या रांगेतील आईला आपल्या भाषेत चार शब्द बोलता आले आणि ते आराखड्यात उतरले, तर समितीच्या स्थापनेमागील हेतू सफल झाला असे म्हणता येईल. पुढील सभेची सूचना येईल तेव्हा प्रत्येक पालकाने अवश्य जावे आणि सही करण्यापूर्वी एवढेच म्हणावे : "गुरुजी, काय लिहिलंय ते एकदा वाचून दाखवा."