टॅग मॅनेजर: कोडला हात न लावता मोजणी, पण नेमकी कशाची?

समजा, तुमचा विषय आहे: परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेबसाइटवरचा कृषी सल्ला किती वेळा उघडला जातो? दर मोजणीसाठी वेबसाइट सांभाळणाऱ्याकडून कोड बदलून घेत बसलात, तर हंगाम निघून जाईल. यासाठीच गूगलने 2012 मध्ये टॅग मॅनेजर आणला. परवानगी घेऊन त्याचा कोड साइटवर एकदाच टाकून घ्यायचा. पुढचं सगळं ब्राउझरमधूनच होतं. टॅग म्हणजे काय नोंदवायचं. ट्रिगर म्हणजे केव्हा. इथे ट्रिगर असेल पीडीएफच्या लिंकवरचा क्लिक. आधी प्रिव्ह्यूमध्ये तपासा, मग पब्लिश करा.

आता खरी गोम. टॅग वेबपानावर चालतो, पीडीएफमध्ये नाही. कुणी तीच फाइल व्हॉट्सॲपवर पुढे पाठवली, तर तिथले वाचक मोजलेच जात नाहीत. शिवाय एकच माणूस तीनदा क्लिक करू शकतो. म्हणून प्रबंधात ‘इतक्या शेतकऱ्यांनी सल्ला वाचला’ असं लिहू नका. ‘पानावरून इतके क्लिक झाले’ एवढंच लिहा.

आणखी एक. दर पब्लिशला नवा व्हर्जन क्रमांक मिळतो. तो तारखेसह वहीत टिपून ठेवा. मधेच ट्रिगर बदलला असेल, तर आधीचे आणि नंतरचे आकडे एका तक्त्यात घालता येत नाहीत.