रूपनिर्णयाचा क्षण : कंपायलरच्या एका दोषाचे विवेचन

'माले' हा शब्द मुळशी तालुक्यातील एका गावाचा वाचक आहे, तसाच तो मालदीवच्या राजधानीचाही आहे. कोणता अर्थ घ्यावयाचा, हे प्रसंगावरून ठरते. संगणकाच्या भाषांतही असाच प्रश्न उद्भवतो. तेथे मात्र निर्णयाच्या क्षणालाही महत्त्व असते.

सिम्युला ६७ या भाषेतून पुढे आलेली 'व्हर्च्युअल फंक्शन' ही कल्पना आपल्या व्याकरणपरंपरेतील उत्सर्ग-अपवादाशी ताडून पाहता येते. मूळ वर्गाचे फंक्शन हा उत्सर्ग. साधित वर्गाने त्याच नावाने दिलेले फंक्शन हा अपवाद. सी प्लस प्लसमध्ये यांपैकी कोणते घ्यावयाचे, हे सामान्यतः प्रोग्राम चालताना ठरते. २०११ च्या मानकाने काही फंक्शनांचे मूल्य कंपायलरकडूनच काढून घेण्याची सोय केली. २०२० च्या मानकाने ती व्हर्च्युअल फंक्शनांनाही लागू केली. दोषाला वाव मिळतो तो येथे.

'भाषा' या वर्गातील 'लिंगसंख्या' हे फंक्शन ० देते, आणि 'मराठी' या साधित वर्गातील ३, असे मानू. सिद्ध झालेल्या 'मराठी' वस्तूस विचारले असता उत्तर ३ येते. परंतु ती वस्तू रचताना तिच्यातील 'भाषा' हा अंश प्रथम रचला जातो. त्या अंशाच्या कन्स्ट्रक्टरमधूनच पृच्छा झाली, तर मानकानुसार उत्तर ० आले पाहिजे; कारण 'मराठी'ची स्वतःची अंगे तोवर निर्माणच झालेली नसतात. अपवाद त्या क्षणी 'असिद्ध' असतो, असे म्हणावयास हरकत नाही.

प्रोग्राम चालताना वस्तूत दडलेला एक पॉइंटर सामान्यतः रचनेच्या टप्प्यागणिक बदलतो व योग्य फंक्शनाकडे नेतो. कंपायलरला मात्र मूल्य काढताना या अवस्थांतराची नोंद स्वतःच ठेवावी लागते. ती न ठेवता त्याने अंतिम वर्गावरून निर्णय केला, तर ० च्या जागी ३ येतात.

हा दोष मूक असतो. चुकीचे मूल्य सिद्ध स्थिरांक म्हणून प्रोग्राममध्ये बसते. पुढे ते पुन्हा तपासले जात नाही. कंपायलरकडूनच पडताळा करवून घेतल्यास साक्षीदार व आरोपी एकच ठरतात. म्हणून तीच पृच्छा एकदा कंपायलरकडून आणि एकदा, इष्टतमीकरण बंद ठेवून, प्रोग्राम चालवून करावी व उत्तरे ताडून पाहावीत. वस्तूच्या विसर्जनकाळीही हीच कसोटी लावावी. तेथे क्रम उलटा असतो.

नियम कोणता, हे जाणल्याने अर्थनिर्णय पूर्ण होत नाही. तो कोणत्या क्षणापासून प्रवृत्त होतो, हेही जाणावे लागते.